कच्छच्या किनाऱ्याचा ताळेबंद

दर मार्चअखेर आपले दुकानदार बांधव एखादा दिवस शटर खाली ओढून शिल्लक माल मोजतात. वर्षभरात विक्री किती झाली याचा आकडा वहीत असतोच, पण तेवढ्यावर नफा ठरत नाही. विक्री जोरात झाली, परंतु गोदाम रिकामे पडले आणि नवा माल भरण्याइतकी रक्कम हाती उरली नाही, तर त्याला कोणी नफा म्हणत नाही. भांडवल खाल्ले असे म्हणतात. ही गोष्ट हातगाडीवाल्यालाही समजते. प्रादेशिक विकासाचे आराखडे बनविणाऱ्यांच्या हिशेबात मात्र ती बहुधा राहून जाते. वाळवंट आणि समुद्र जेथे एकमेकांना भिडतात त्या प्रदेशांत तर हे फारच घडले आहे.

आपल्या देशात अशा प्रदेशाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कच्छ. क्षेत्रफळ ४५,६७४ चौरस किलोमीटर, म्हणजे एकटा जिल्हा केरळ राज्यापेक्षा मोठा. त्यातील जवळपास निम्मा भाग रणाचा. पाऊस कमी आणि त्याचाही भरवसा नाही. दक्षिणेला व पश्चिमेला सुमारे ४०० किलोमीटरचा समुद्रकिनारा, त्यावर खाड्या, तिवरांची जंगले आणि मिठागरे.

महाराष्ट्रातील वाचकांना कच्छशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मुंबईच्या व्यापारपेठा उभारण्यात कच्छी मेमन आणि खोजा घराण्यांचा किती वाटा आहे हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपल्या घरातले मीठ बहुतेक करून गुजरातेतून येते, कारण देशातील मिठाचे तीन-चतुर्थांशाहून अधिक उत्पादन तेथे होते. आणि मुंबई-पुण्याच्या कापड दुकानांत अजरख छापाचे दुपट्टे विकणारे व्यापारी ज्यांच्याकडून माल उचलतात, ते खत्री कारागीर कच्छचेच. म्हणून तेथे विकास आणि निसर्ग यांचा जो हिशेब मांडला जात आहे, तो काही अंशी आपल्याही वहीत उतरतो.

सरकारी नकाशात "पडीक"

कच्छच्या विकासाचा प्रारंभ स्वातंत्र्यानंतर कांडला बंदराने झाला. फाळणीत कराची गेली, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर दुसरे मोठे बंदर हवे होते. १९५५ साली कांडला प्रमुख बंदर म्हणून जाहीर झाले आणि १९६५ साली तेथे निर्यातीसाठी मुक्त व्यापार क्षेत्र उघडले. दुसरी मोठी लाट २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर आली. उद्ध्वस्त जिल्हा पुन्हा उभा राहावा म्हणून केंद्र सरकारने नव्या कारखान्यांना पाच वर्षे उत्पादन शुल्कात सूट दिली आणि सिमेंट, पोलाद, पाइप, खाद्यतेल असे अनेक कारखाने येथे आले. मुंद्रा येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या खाजगी बंदराने २०२४-२५ या एका वर्षात २० कोटी टनांहून अधिक माल हाताळला. भारतातील कोणत्याही बंदराने यापूर्वी हा आकडा गाठला नव्हता.

यातून रोजगार मिळाला, ट्रक वाहतूक वाढली, हॉटेले, गॅरेजे, गोदामे निघाली, हे आम्ही नाकारीत नाही. त्यात आपल्या बांधवांचाही लाभ झाला आहे. कारखाने येऊच नयेत असे म्हणणे भूकंपात घर गमावलेल्या माणसाला सांगून पाहावे. त्याला ते पटणार नाही, आणि आम्हालाही पटत नाही.

आमचा मुद्दा वेगळा आहे. हे आराखडे झाले तेव्हा चिखलाची खाडी, खारे रण, काटेरी रान आणि गवताचा माळ या चारही गोष्टी कागदावर बहुतेक ठिकाणी "पडीक" म्हणून लिहिल्या गेल्या. पडीक म्हणजे जिची किंमत शून्य. ज्या गोष्टीची किंमत शून्य लिहिली ती गमावली तर तोटा दिसत नाही. प्रत्यक्षात या चारही गोष्टींवर कोणाचा ना कोणाचा धंदा उभा होता.

अजरखचे पाणी

कारागीर बांधवांना जवळचे म्हणून अजरखपासून सुरुवात करू. कच्छचे खत्री छापगार सोळाव्या शतकात सिंधमधून राव भारमल यांच्या निमंत्रणावरून आले आणि धमडका गावी सारण नदीकाठी वसले. गाव निवडताना त्यांनी आधी पाणी पाहिले. अजरखच्या एका कापडावर चौदा-पंधरा निरनिराळ्या क्रिया होतात. आधी कापड धुऊन खळ काढायची, मग एरंडेल, सोडा आणि उंटाचे शेण यांच्या मिश्रणात भिजवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा भिजवायचे. नंतर हिरड्याचे पाणी द्यायचे. चुना आणि डिंक यांचा छाप, भंगार लोखंड आणि गूळ कुजवून केलेला काळा रंग, तुरटीवर चढणारा लाल, शेवटी निळीचा हौद. जवळपास प्रत्येक टप्प्यावर धुणे आहे.

पुढे नदीचा प्रवाह आटत गेला, विहिरींवर भिस्त आली, आणि २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोह आणि हिरडा एकत्र आले की रंग काळवंडतो. ज्या पाण्यावर धंदा होता तेच पाणी धंद्याच्या विरोधात गेले. म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवी जमीन घेऊन अजरखपूर हे गाव वसविले. पाण्यासाठी सबंध वसाहतीने गाव सोडल्याची अशी उदाहरणे आपल्या काळात थोडीच असतील.

पुढे या कलेला मान मिळाला. लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. २०२४ साली कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाचे प्रमाणपत्र विहीर भरून देत नाही. ज्या जिल्ह्याच्या औद्योगिक आराखड्यात भूजलाचा जमाखर्च नसतो, तेथे कारागीर किती काळ टिकणार हा प्रश्न शिल्लक राहतो.

येथे आपल्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. विसाव्या शतकात बहुतेक छापगार झटपट होणाऱ्या रासायनिक रंगांकडे वळले होते. मोहम्मद सिद्दीक खत्री यांच्यासारख्यांनी १९७० च्या दशकापासून नैसर्गिक रंग पुन्हा उभे केले नसते, तर आज जगाच्या बाजारात अजरखला जे नाव आहे ते नसते. जो छापगार रासायनिक रंगाचे पाणी तसेच जमिनीत सोडतो, तो शेजाऱ्याच्या आणि स्वतःच्याही विहिरीवर उधारी करीत असतो.

खाडीत पोहणारा उंट

अजरखला लागणारे शेण उंटाचे. आणि कच्छच्या किनाऱ्यावरचा एक उंट असा आहे की तो समुद्रात पोहतो. त्याचे नाव खाराई. फकीरानी जत आणि रबारी हे त्याचे पालक. भरतीच्या पाण्यातून पोहत हे उंट बेटांवर जातात, तिवरांची पाने खातात आणि गोड्या पाण्यासाठी किनाऱ्यावर परततात. करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०१५ साली खाराईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

तिवर मारण्यासाठी कुऱ्हाड लागत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. खाडीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला की पुरे. भरतीचे पाणी आत येणे थांबते, आतल्या चिखलात क्षार साचतो आणि झाडे उभ्या उभ्या वाळतात. मग "येथे झाडे होतीच कोठे" असे म्हणायला मोकळीक मिळते. भचाऊ तालुक्यात कांडला बंदराच्या हद्दीतील खाड्यांवर मिठागरांसाठी असेच बांध पडले, तेव्हा उंटपालकांची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०१९ मध्ये लवादाने बांध हटवून खाड्यांचे पाणी मोकळे करण्याचा आदेश दिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या अनेक पालकांनी आपल्या चराईचे बेट न् बेट नावानिशी सांगितल्यामुळे हे प्रकरण उभे राहू शकले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

दुसरी बाजूही पाहा. उंटिणीच्या दुधाला पूर्वी बाजार नव्हता, कारण त्याचे सरकारी प्रमाणच ठरलेले नव्हते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली ते ठरविले आणि जानेवारी २०१९ मध्ये अमूलने कच्छच्या सरहद डेअरीमार्फत अर्धा लिटरची बाटली ५० रुपयांना बाजारात आणली. ज्या जनावराला लोक ओझे समजून विकू लागले होते, ते पुन्हा कमाईचे साधन झाले. बन्नीच्या म्हशीचेही असेच आहे. तिला २०१० साली स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आणि तिच्या मुस्लिम मालधाऱ्यांना पुढच्या पिढीने हा धंदा चालवावा असे वाटू लागले. परंतु खाराईला तिवर हवे आणि बन्नीच्या म्हशीला गवत. रण पसरू नये म्हणून १९६० च्या दशकात सरकारने बन्नीच्या कडेला परदेशी बाभूळ लावली. लोक तिला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणतात. तिने आशियातील नामांकित कुरणाचा मोठा भाग व्यापून टाकला. हेतू चांगला होता, पण जे गवत हजारो जनावरांचे अन्न होते त्याची किंमत कोणी मांडली नव्हती.

मुंद्र्याचा धडा

मुंद्र्याच्या किनाऱ्यावर वाघेर मुस्लिम मच्छीमार पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यातील पगडिया, म्हणजे पायी मासेमारी करणारे, ओहोटीच्या पट्ट्यात जाळी रोवतात. मोसमात कुटुंबासह किनाऱ्यावरील झोपड्यांत येऊन राहतात, मासळी वाळवितात आणि व्यापाऱ्यांना विकतात. होडी नाही, इंजिन नाही, डिझेल नाही. भांडवल म्हणजे ओहोटीचा तो पट्टा.

येथेच बंदर, विशेष आर्थिक क्षेत्र आणि शेजारी शेजारी दोन प्रचंड कोळसा वीज केंद्रे उभी राहिली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१२ साली सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१३ च्या अहवालात बंदर प्रकल्पाकडून तिवरांची हानी झाल्याचे नोंदवून समितीने पर्यावरण सुधारणेसाठी २०० कोटी रुपयांचा किंवा प्रकल्प खर्चाच्या १ टक्का, यातील मोठ्या रकमेचा निधी उभारण्याची शिफारस केली. ती पुढे त्या स्वरूपात अमलात आली नाही.

दुसऱ्या वीज केंद्रासाठी आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. गरम पाण्याने मासळी हटली, कोळशाची धूळ वाळत घातलेल्या मासळीवर बसते, विहिरी खाऱ्या झाल्या, अशा तक्रारी घेऊन मच्छीमार व शेतकरी थेट अमेरिकेच्या न्यायालयात गेले. बुधा इस्माईल जाम विरुद्ध आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ या नावाने गाजलेल्या दाव्यात २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला की अशा संस्थांना कायद्यापासून संपूर्ण संरक्षण नाही. तत्त्व जिंकले. पुढे मात्र मूळ घटना अमेरिकेत घडली नाही या कारणाने खालच्या न्यायालयांनी दावा काढून टाकला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भरपाई हाती आली नाही.

यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा सरळ आहे. तोटा झाल्यावर वॉशिंग्टनपर्यंत जाऊनही जे मिळत नाही, ते आराखडा ठरत असताना तालुक्याच्या गावी मागावे लागते. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र परवानगी मिळते आणि प्रत्येकाचा अहवाल सांगतो की हानी थोडी आहे. दहा थोडक्या हानींची बेरीज करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. ही बेरीज जिल्ह्याच्या आराखड्यातच झाली पाहिजे.

रेषा कोठे ओढावी?

मग सरळ मोठमोठी अभयारण्ये जाहीर करून टाकावीत काय? कच्छचाच अनुभव पाहू. लखपत तालुक्यात १९८१ साली ७६५.७९ चौरस किलोमीटरचे नारायण सरोवर अभयारण्य झाले. चिंकारा हरणाचा हा प्रदेश. त्याच जमिनीत चुनखडी, लिग्नाइट, बॉक्साइट. १९९३ साली सरकारने एका अधिसूचनेने अभयारण्य ९४.८७ चौरस किलोमीटरवर आणले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण हा अधिकार विधानसभेचा होता. १९९५ साली विधानसभेने ठराव करून क्षेत्र ४४४.२३ चौरस किलोमीटर ठरविले आणि सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव कायम ठेवला. आधी खनिजाचा विचार न करता रेषा ओढली, मग हरणाचा विचार न करता ती पुसू पाहिली, आणि शेवटी मधला आकडा न्यायालयाच्या दारात ठरला.

आपल्या महाराष्ट्रातही असेच झाले. सोलापूर-नगर भागातील माळढोक अभयारण्य १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचे जाहीर झाले. त्यात शेती, गावे, बाजारपेठा सारे आले. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला आणि कालांतराने क्षेत्र १,२२३ चौरस किलोमीटरच्या आत आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. कच्छात उलट टोक दिसते. नलियाजवळचे माळढोक अभयारण्य १९९२ साली झाले ते अवघे २ चौरस किलोमीटरचे. हा जड पक्षी समोरचे नीट पाहू शकत नाही आणि विजेच्या तारांवर आदळून मरतो. गेल्या काही वर्षांत येथे मोजक्या माद्याच उरल्याच्या नोंदी आहेत. आता कच्छात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आले आहेत. खावड्याजवळ ७२,६०० हेक्टरांवर ३०,००० मेगावॉटचे केंद्र उभे राहत आहे. माळढोकच्या प्रदेशातील तारा जमिनीखालून न्याव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले, आणि २०२४ साली तो सरसकट आदेश मागे घेऊन कोठे काय करावे हे ठरविण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. स्वच्छ वीज हवीच. पण तार कोठून न्यायची हा निर्णय खांब रोवण्यापूर्वी घेतला तर स्वस्त पडतो, नंतर घेतला तर महाग.

माणूस आणि जनावर यांचा मेळ बसतो, हे छोट्या रणात दिसते. तेथे १९७३ साली रानगाढवासाठी जवळपास ५,००० चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. याच रणात कोळी, मियाणा, संधी समाजांचे अगरिया मीठ पिकवितात. २०२० च्या गणनेत रानगाढवे ६,०८२ होती, २०२४ मध्ये ७,६७२ झाली. मीठ पिकत असतानाच ही वाढ झाली आहे. तरीही हक्कांची नोंद अपुरी राहिल्याने २०२३ च्या मोसमात नावे नसलेल्या अनेक अगरियांना रणात जाण्यास अडविण्यात आले. निसर्गरक्षणाचा भार मात्र पुन्हा सर्वांत लहान उत्पादकावरच पडला.

आपण काय करावे?

आमच्या मते पुढील गोष्टी कोणत्याही किनारी तालुक्यातील व्यापारी आणि कारागीर करू शकतात.

पहिली गोष्ट, जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. आपल्या संघटनेने तो मागवावा आणि हरकत लेखी द्यावी. भावनेपेक्षा आकडा बोलतो. आपल्या धंद्याला दररोज किती पाणी लागते, किती कुटुंबे त्यावर आहेत, मोसम किती महिन्यांचा, वर्षाची उलाढाल किती, हे लिहून द्यावे.

दुसरी, जैवविविधता नोंदवही. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही असावयास हवी. रंगाची झाडे, चराईची बेटे, मासळीच्या जागा त्यात लिहून घ्याव्यात. जे नोंदीत नाही ते उद्या पडीक ठरते.

तिसरी, मानांकन. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूच्या कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचे नाव नोंदवावे. नाव संघटनेचे आणि नफा नक्कल करणाऱ्याचा, असे होऊ देऊ नये.

चौथी, ग्राहकाची जबाबदारी. मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांनी नैसर्गिक रंगाचा अजरख आणि यंत्रावर छापलेली नक्कल एकाच भावात मोजू नये. कारागिराला रास्त भाव मिळाला तरच तो पाणी स्वच्छ करण्याचा खर्च करू शकेल.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही पालघर जिल्ह्यात वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. तेथे वाळवंट नाही, पण ओहोटीच्या पट्ट्यावर जगणारे मच्छीमार आहेत आणि खाड्याही आहेत. कच्छने दिलेली शिकवण तेथे वेळेवर वापरता येईल.

बंदर हवे, वीज हवी, कारखाना हवा. त्याचबरोबर खाडीचे तोंड, विहिरीचे पाणी आणि माळावरचे गवत हे भांडवलाच्या रकान्यात लिहिले जावे, एवढीच आमची मागणी आहे. तो रकाना भरण्यासाठी लागणारी माहिती तालुक्याच्या कचेरीत नसते. छापगार, मच्छीमार, उंटपालक आणि अगरिया यांच्याजवळ ती आहे. ती लिहून, सही करून, पोच घेऊन कचेरीत देणे हे काम आपले आहे.